जुन्या ट्रकची चेसिस आखूड करणे: मधून न कापता मागचा ॲक्सल पुढे घेण्याची रीत

ज्यांचा माल वजनाला भारी पण लांबीला थोडका असतो, अशा मालकांना खानदेशात जुना दोन ॲक्सलचा (चाकांचे दोन आस असलेला) ट्रक आखूड करून घ्यावासा वाटतो. शेततळ्याचा मुरूम, पाण्याचा टँकर, जिनिंगच्या आवारात गाठींची ने-आण, रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात बांधालगतच्या रस्त्याने शेणखत पोहोचवणे, ही कामे सव्वाचार मीटर व्हीलबेसच्या (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधल्या अंतराच्या) गाडीला अवघड जातात. ती दोन-तीनदा मागेपुढे घेतल्याशिवाय वळत नाही, आणि काळी माती ओली असली तर त्या मागेपुढे करण्यातच चाक रुतते. व्हीलबेस सहाशे मिलिमीटरने कमी केला की वळणाची त्रिज्या साधारण त्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे १४ टक्क्यांनी घटते, आणि शेतरस्त्यावर एवढा फरक पुष्कळ होतो.

हे काम तीन प्रकारे करता येते. पहिल्यात ॲक्सल जागच्या जागी ठेवून फक्त मागची शेपूट कापतात. व्हीलबेस बदलत नाही आणि धोकाही जवळजवळ नसतो. दुसऱ्यात मागच्या कमानींचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे) हँगर, म्हणजे त्या चेसिसला धरणारे ब्रॅकेट, काढून संपूर्ण ॲक्सल पुढे सरकवतात आणि मग उरलेली शेपूट कापतात. तिसऱ्यात दोन्ही लाँग मेंबर (चेसिस या पोलादी सांगाड्याच्या दोन लांब बाजू) मधून कापून, तुकडा काढून, उरलेली दोन टोके वेल्डिंगने जोडतात. महामार्गालगतच्या अनेक फॅब्रिकेशनच्या दुकानांत हा तिसरा प्रकार सर्रास सुचवला जातो, कारण त्यात मोजणी कमी आणि काम झटपट असते. माझे मत स्पष्ट आहे: जिथे दुसरा प्रकार शक्य आहे तिथे तिसऱ्याला हात लावू नये. लाँग मेंबर अखंड राहिला, तर चुकलेले भोक किंवा वाकडा बसलेला हँगर पुन्हा दुरुस्त करता येतो. मधोमध कापलेला लाँग मेंबर पूर्वीसारखा होत नाही.

कागदपत्रे

ग्राइंडर हातात घेण्यापूर्वी आरसी बुक उघडावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने मूळ ठरवून दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात आलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही, आणि व्हीलबेस हा त्या तपशिलाचाच भाग आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा असाच कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगीविना बदल करणाऱ्या मालकासाठी सहा महिन्यांपर्यंतची कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून गाडी एमएच-१९ (जळगाव) ची असो, एमएच-१८ (धुळे) ची असो की एमएच-३९ (नंदुरबार) ची, आपल्या परिवहन कार्यालयात लेखी अर्ज करून लेखी उत्तर घ्यावे. एजंटाचे तोंडी ‘होऊन जाईल’ अपघातानंतर विमा कंपनीपुढे उपयोगी पडत नाही.

फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी खास रूपांतरित केलेले वाहन कायद्याच्या ‘मोटार वाहन’ या व्याख्येतून वगळलेले आहे. जिनिंगच्या कुंपणाच्या आत फिरणाऱ्या गाडीला ही वाट खुली राहते, पण ती डिझेल भरायलासुद्धा रस्त्यावर येता कामा नये. शेतापर्यंतचा सार्वजनिक रस्ता हा आवार नव्हे, हे केळीच्या बागायतदारांनी विशेष ध्यानात घ्यावे. चेसिस नंबर लाँग मेंबरवर ठोकलेला असतो, बहुतेक गाड्यांत पुढच्या बाजूला. तो कुठे आहे हे आधी शोधून, मळ पुसून, फोटो काढून ठेवावा, आणि त्या भागाजवळ ग्राइंडर, गॅस किंवा वेल्डिंग यांपैकी काहीही नेऊ नये.

किती आखूड करायचे

टाटाच्या जुन्या गाड्यांच्या नावातला शेवटचा आकडा, उदाहरणार्थ ४२, हा डेसिमीटरमध्ये व्हीलबेस सांगतो. त्याच गाडीचे आखूड, टिपरसाठीचे मॉडेल उपलब्ध असेल, तर आपला नवा व्हीलबेस त्याच मापाच्या आसपास ठेवणे शहाणपणाचे ठरते, कारण मग प्रोपेलर शाफ्ट (गीअरबॉक्सची गती मागच्या ॲक्सलला देणारा दांडा), ब्रेकचे पाइप आणि क्रॉस मेंबर (दोन्ही लाँग मेंबरना बांधणारे आडवे तुकडे) जुन्या बाजारातून तयार मिळू शकतात. पुढील हिशेबासाठी ४२२५ वरून ३६२५ मिलिमीटरवर यायचे आहे असे धरू.

पहिला हिशेब ओव्हरहँगचा, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या मागे राहणाऱ्या भागाचा. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मागचा ओव्हरहँग व्हीलबेसच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. ३६२५ ला ही मर्यादा २१७५ मिलिमीटर येते. आधी ॲक्सलमागे २२०० मिलिमीटर शेपूट असेल, तर ॲक्सल ६०० ने पुढे गेल्यावर ती २८०० होते, म्हणजे किमान ६२५ मिलिमीटर कापावेच लागतात. बॉडी शेपटीच्या मागे येणार असेल तर मोजमाप बॉडीच्या टोकापर्यंत धरावे. टिपरला एवढीही शेपूट नको असते.

दुसरा हिशेब वजनाचा आहे आणि तोच बहुधा राहून जातो. समजा ८००० किलो मालाचा गुरुत्वमध्य पूर्वी मागच्या ॲक्सलच्या ५०० मिलिमीटर पुढे होता; तेव्हा पुढच्या ॲक्सलवर त्यातले ८००० × ५०० ÷ ४२२५, म्हणजे सुमारे ९४७ किलो येत होते. नवी बॉडी अशी बसली की गुरुत्वमध्य फक्त २०० मिलिमीटर पुढे राहिला, तर पुढे येणारे वजन ४४१ किलोवर उतरते. तो ॲक्सलच्या २०० मिलिमीटर मागे गेला, तर तेवढेच ४४१ किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात, स्टिअरिंग हलके लागते आणि चढावर गाडी हवी तिकडे वळत नाही. म्हणून टँकर किंवा बॉडीची जागा कागदावर काढून, गुरुत्वमध्य ॲक्सलच्या पुढेच राहील याची खात्री झाल्याशिवाय व्हीलबेसचा आकडा पक्का करू नये. चेसिस आखूड झाली म्हणून गाडीची भारक्षमता वाढत नाही. आरसी बुकातले एकूण वजनच लागू राहते.

ब्रेकचाही विचार इथेच करावा. भरलेली गाडी १२००० किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून १.२ मीटरवर, आणि ब्रेक गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराचा धरला, तर जुन्या व्हीलबेसवर सुमारे १७०० किलो भार पुढे सरकतो आणि नव्यावर सुमारे १९८५. मागची चाके तेवढी हलकी होऊन लवकर लॉक होतात, आणि रिकाम्या गाडीत हे जास्त जाणवते.

लाँग मेंबरची तपासणी

चेसिस आधी धुऊन, तारेच्या ब्रशने घासून उघडी करावी. मागचा ॲक्सल पुढे घ्यायचा तर लाँग मेंबर त्या संपूर्ण पट्ट्यात सरळ, समांतर आणि एकाच उंचीचे असले पाहिजेत. काही गाड्यांत ते केबिनच्या मागे रुंदी बदलतात. हँगर त्या वळणावर येत असेल तर आकडा कमी करावा. काही गाड्यांत मागच्या ॲक्सलच्या भागात आतून दुसरी चॅनेल बसवलेली असते. ॲक्सल पुढे नेल्यावर पुढचा हँगर जर या आतल्या चॅनेलच्या टोकाशी किंवा टोकाच्या बाहेर आला, तर लाँग मेंबर नेमका तिथे तडकतो. अशा वेळी नवी आतली चॅनेल पुढच्या हँगरच्याही बरीच पुढे जाईल इतकी लांब घ्यावी आणि तिचे टोक एकदम चौकोनी न ठेवता तिरके उतरवावे.

पाण्याच्या टँकरखाली राहिलेल्या चेसिसमध्ये दोन पत्र्यांच्या मधे गंज फुगलेला सापडतो. हातोडीने ठोकून आवाज ऐकावा. बद्द आवाज आला तर आतली चॅनेल काढून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मोजणी

गाडी काँक्रीटच्या सपाट फरशीवरच घ्यावी. काळ्या मातीवर जॅक आणि घोड्या उन्हाळ्यात भक्कम वाटतात, पण भेगांच्या कडेला त्या कलतात आणि एका सरीनंतर बसतात. पुढची चाके सरळ करून ती सरकू नयेत म्हणून ओठंगणी (टेकण) लावावी, चेसिस चार घोड्यांवर पाण्याच्या पातळीने समतल करावी, बॅटरीच्या दोन्ही तारा काढाव्यात आणि डिझेलची टाकी उतरवून दूर ठेवावी.

मग दोन्ही लाँग मेंबरवरून ओळंबे सोडावेत: पुढच्या कमानीच्या पिनेच्या मध्यातून, मागच्या ॲक्सलच्या मध्यातून आणि शेपटीच्या टोकातून. प्रत्येक टोकाखाली फरशीवर बारीक खूण करावी आणि खुणांमधली अंतरे व कर्ण मोजावेत. दोन कर्णांमध्ये ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर चेसिस आधीच तिरकी आहे आणि ती सरळ केल्याशिवाय पुढचे सगळे काम तिरकेच होणार. जुन्या गाडीत हा फरक आढळणे मुळीच नवलाचे नाही.

ही मोजणी सकाळी लवकर, सावलीत करावी. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि उन्हातला काळा लाँग मेंबर सावलीतल्यापेक्षा २५ अंशांनी सहज जास्त तापतो. पोलाद दर मीटरला दर अंशामागे सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढते; सव्वाचार मीटरला २५ अंशांचा फरक म्हणजे सव्वा मिलिमीटर. तीन मिलिमीटरच्या मुभेतला जवळजवळ निम्मा वाटा नुसत्या उन्हाने खाल्ला, तर मग मोजले काय?

हँगर काढणे आणि नवी भोके

जुने हँगर रिव्हेटने बसवलेले असतात. रिव्हेटचे डोके ग्राइंडरने सपाट करावे, मध्यावर पंच मारावा, रिव्हेटपेक्षा दोन मिलिमीटर लहान ड्रिलने खोल भोक घ्यावे आणि मग पंचाने ठोकून तो बाहेर काढावा. गॅसने डोके उडवणे झटपट होते, पण त्यात भोकाची कड जळते, आणि हँगरची पकड त्या कडेवरच असते. गाडी कितीही जुनी असली तरी इथे गॅस लावू देऊ नये.

मूळ हँगरवरून ३ मिलिमीटर पत्र्याचा टेम्प्लेट बनवावा आणि तो नव्या जागी, लाँग मेंबरच्या उभ्या बाजूवर, वरच्या कडेपासून मूळ अंतर राखून लावावा. आता जुन्या भोकांकडे पाहावे. नवे भोक जुन्या भोकाला चिकटून किंवा त्यात अर्धवट घुसत असेल, तर हँगर नाही, व्हीलबेस बदलावा: ६०० ऐवजी इतके कमी किंवा जास्त घ्यावे, की दोन भोकांच्या मध्यांत बोल्टच्या व्यासाच्या किमान तिप्पट अंतर सुटेल. जुनी भोके वेल्डिंगने बुजवू नयेत. ती तशीच ठेवावीत किंवा त्यांत बोल्ट भरावा. लाँग मेंबरच्या आडव्या पट्ट्यांवर, म्हणजे वरच्या आणि खालच्या फ्लँजवर, एकही भोक पाडू नये आणि वेल्डिंगचा एकही टाका घालू नये. गाडी वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण याच पट्ट्यांवर येतो आणि तडा तिथूनच सुरू होतो.

भोक आधी लहान पाडून रीमरने मापाला आणावे, म्हणजे बोल्ट हलक्या ठोक्याने आत जाईल. बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचेच, डोक्यावर आकडा उमटलेले, आणि आटे भोकाच्या आत येणार नाहीत इतक्या सरळ दांड्याचे घ्यावेत. वॉशर कडक पोलादाचे आणि नट स्वतः लॉक होणारे असावेत. एम-१६ मापाच्या ८.८ ग्रेडच्या बोल्टला सुमारे २०० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. अंदाजाने पाइप लावून आवळण्यापेक्षा टॉर्क रेंच मागून आणावा.

प्रत्येक हँगरच्या जवळ दोन्ही लाँग मेंबरना बांधणारा क्रॉस मेंबर असतो, आणि हँगर सरकला की तोही सरकलाच पाहिजे. हेल्पर (जादा भार पेलणाऱ्या) कमानींचे टेकू, शॉक ॲब्सॉर्बरचे ब्रॅकेट आणि स्टेपनीचा पिंजरा यांची जागा याच वेळी ठरवून घ्यावी. पुढच्या हँगरच्या नव्या जागी बहुधा हवेची टाकी किंवा बॅटरीची पेटी आडवी येते.

ॲक्सल बसवून यू-बोल्ट (ॲक्सल कमानीला धरणारे) हलके आवळल्यावर पुन्हा ओळंबे सोडावेत. दोन्ही बाजूंची कमानीच्या पिनेपासून ॲक्सलच्या मध्यापर्यंतची अंतरे ३ मिलिमीटरच्या आत जुळली की मगच शेवटचा टॉर्क द्यावा. हे जुळले नाही तर गाडी रस्त्यावर खेकड्यासारखी तिरकी चालते आणि पुढचे टायर एका कडेने खाल्ले जातात.

शेपूट सगळ्यात शेवटी कापावी. कापलेल्या टोकाची कड घासून गोलसर करावी आणि शेवटचा क्रॉस मेंबर नव्या टोकाला बोल्टने बसवावा. उघड्या टोकाची चेसिस खड्ड्यात पिळवटते.

प्रोपेलर शाफ्ट

हा शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो आणि मधे सेंटर बेअरिंग त्याला धरते. गीअरबॉक्सपासून सेंटर बेअरिंगपर्यंतचा पुढचा तुकडा आहे तसाच ठेवला, तर सगळी सहाशेची घट मागच्या तुकड्यावर येते. समजा मागचा तुकडा १५०० मिलिमीटर आहे आणि त्याच्या दोन टोकांच्या उंचीत १०० मिलिमीटरचा फरक आहे. तेव्हा शाफ्टचा उतार ३.८ अंश होता. तुकडा ९०० चा झाला की तो ६.३ अंश होतो. क्रॉसला (शाफ्टच्या वळणाऱ्या सांध्याला) हा कोन जड जातो, विशिष्ट वेगाला गाडी थरथरते आणि सेंटर बेअरिंग लवकर जाते. म्हणून सेंटर बेअरिंगचा क्रॉस मेंबरही पुढे घेऊन दोन्ही तुकड्यांत घट वाटावी, किंवा त्याच इंजिन-गीअरबॉक्सच्या आखूड मॉडेलचा पूर्ण शाफ्ट जुन्या बाजारातून घ्यावा. मी दुसऱ्याची शिफारस करीन.

शाफ्ट कापायचाच झाला तर तो लेथवरच कापून घ्यावा. जळगाव किंवा धुळ्याच्या अवधान एमआयडीसीच्या बाजूला लेथ असलेली वर्कशॉप मिळतात. बॅलन्सिंगचे यंत्र कुठे आहे याची मात्र आधी चौकशी करावी. नळीवर दोन्ही टोकांना एका रेषेत खूण करून मगच कापावे, कारण दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एकाच पातळीत राहिले पाहिजेत. स्लिप जॉइंट (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणारा सरकता सांधा) रिकाम्या आणि भरलेल्या, दोन्ही स्थितींत तळाला टेकू नये आणि निसटूही नये. गीअरबॉक्सचा फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती) आणि मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगचा फ्लँज साधारण एक अंशाच्या आत समांतर हवेत.

ब्रेक आणि वायरिंग

हवेचे धातूचे पाइप आखूड करताना ते वेल्ड करू नयेत किंवा रबरी नळी घालून जोडू नयेत. कापून, पाइप बेंडरने वाकवून, नवे फिटिंग लावावे. जास्तीची लांबी गुंडाळून बांधणे हा उपाय नव्हे, कारण त्या गुंडाळीत पाणी साचते. लोडप्रमाणे ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याची दांडी नव्या जागी पुन्हा मापावर लावावी. हँडब्रेकची केबल आखूड मापाची घ्यावी. वायरिंगचे जोड सोल्डर करून चेसिसच्या आतल्या बाजूने न्यावेत.

मधून कापणे टळत नसेल तर

लाँग मेंबरचा आकार आड आला तर कधी हा मार्ग उरतो. कापण्याची जागा क्रॉस मेंबर, हँगर, गीअरबॉक्सचा माउंट आणि जुनी भोके या सगळ्यांपासून दूर असावी, आणि केबिनच्या लगेच मागे मुळीच नसावी. दोन्ही बाजूंचे काप एकाच रेषेत घेऊ नयेत. कडांना व्ही आकार देऊन, मधे दोन-तीन मिलिमीटर फट ठेवून, पूर्ण जाडीचे वेल्डिंग करावे. ई-७०१८ इलेक्ट्रोड ३०० ते ३५० अंशांवर भाजून कोरडे करून घ्यावेत. खानदेशच्या झळांमध्ये उघड्यावर सीओटू वेल्डिंग करू नये, वाऱ्याने गॅस उडतो आणि टाक्यात छिद्रे पडतात. वेल्डिंग सपाट घासून, आतून पूर्ण चॅनेल घालावी, ती जोडाच्या दोन्ही बाजूंना लाँग मेंबरच्या उंचीच्या किमान दुप्पट जावी, आणि ती फक्त उभ्या बाजूला बोल्टने धरावी. चेसिसच्या पोलादाला उष्णतेने कणखर केलेले असेल तर या भानगडीत पडूच नये.

रस्त्यावर

पहिली फेरी रिकामी, सपाट रस्त्यावर, कमी वेगाने काढावी. ब्रेक मारून गाडी कोणत्या बाजूला खेचते ते पाहावे आणि थांबल्यावर सेंटर बेअरिंग, क्रॉस व हब हाताने चाचपावेत. मग अर्धा भार, मग पूर्ण. कन्नड घाट किंवा बिजासन घाट या चाचण्यांच्या नंतर. ब्रेकची सवय नसलेली आखूड गाडी उतारावर पहिल्यांदाच तपासायला नेऊ नये.

पाचशे किलोमीटरनंतर हँगरचा प्रत्येक बोल्ट आणि यू-बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासावा आणि नटापासून चेसिसवर रंगाची एक रेघ ओढावी, म्हणजे नंतर सैल झालेला नट नजरेने कळतो. पुढचे काही महिने हँगरच्या भोवती आणि आतल्या चॅनेलच्या टोकाशी रंगाला केसासारखी चीर किंवा गंजाची तांबडी रेघ दिसते का, ते दर धुलाईला पाहावे. अशी रेघ दिसली तर तिच्यावर वेल्डिंग न करता भार थांबवावा आणि हँगर उतरवून लाँग मेंबर आतून तपासावा.